लाकडी कॅनबेरा आणि माझी चुकलेली किंमत

हर्सूलच्या दुकानात मी पहिलं लाकडी कॅनबेरा 900 रुपयांना विकलं. शिवणीचं लाकूड, फेव्हिकॉल, रंग मिळून खर्च 250. म्हटलं, 650 सुटले! घरी बायकोने वही उघडली. काम 22 तासांचं. म्हणजे तासाला तीस रुपयेसुद्धा पडले नाहीत.

हे तास जातात कुठे? कॅनबेराची दोन्ही इंजिनं पंखातच बसवलेली. पटाशीने एक बाजू जमते, दुसरी तशीच आणताना घाम फुटतो. खऱ्या विमानाचे पंख साडेएकोणीस मीटर, 1:72 मापात 27 सेंटीमीटर. इथे एक मिलिमीटर चुकला की तिथे सात सेंटीमीटर चुकले समजा. डोळ्याने नाही, कार्डबोर्डचा साचा लावूनच तपासा.

आणि गिऱ्हाईक हेच बघतं. 18 डिसेंबर 1961 ला पुण्याहून उडालेल्या कॅनबेरांनी गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुढे 1965, 1971 ची युद्धं, निवृत्ती थेट 2007 मध्ये. ज्याच्या घरातलं कुणी त्या काळात हवाई दलात होतं, तो हे खेळणं म्हणून घेत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, सावंतवाडीच्या खेळण्यांशेजारी हे मांडू नका. (ती खेळणी सुंदरच, पण हिशोब वेगळा.) ऑर्डर घेऊनच बनवा, मापं लिहून द्या, तासांचे पैसे लावा. मी आता 3,500 सांगतो, निम्मे आधी. दहातले सात जण "बघतो" म्हणून निघून जातात. जाऊ द्या त्यांना.