कबुतर आणि धारेचा दगड

परवा कॉलवर एक प्रकार झाला आणि डोकंच फिरलं. टीममधली सोलापूरकडची नवी मुलगी बग समजावून सांगत होती, "वी शुड होन इन ऑन द कॅशे..." आमच्या साहेबांनी तिला तिथेच तोडलं. "इट्स होम, नॉट होन!" समोर अमेरिकेतले चार जण. (त्यांना काहीही खटकलं नव्हतं.) पोरगी जी गप्प झाली ती कॉल संपेपर्यंत. आणि बगची मेख फक्त तिलाच सापडली होती!

आता साहेबांचं म्हणणं खोटं नाही. 'होम इन' हे मूळचं कबुतरांचं. कितीही लांब नेऊन सोडलं तरी घरी परतणारी ती कबुतरं. विसाव्या शतकात रेडिओच्या खुणेवर जाणाऱ्या विमानांना, मग क्षेपणास्त्रांना तोच शब्द लागला, आणि तिथून तो नेमक्या मुद्द्याकडे वळण्यासाठी आला. 'होन' म्हणजे धार लावणं. जुन्या इंग्रजीत तो शब्द चक्क दगडाचा. म्हणजे 'होन इन' ही गफलत, कबूल.

पण गफलत कुणाची? साठच्या दशकातल्या जॉर्ज प्लिम्प्टन या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकात ती सापडते. १९८० च्या प्रचारात थोरले बुश तसंच बोलले, आणि पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. मेरियम-वेब्स्टरच्या कोशात 'होन इन'ची स्वतंत्र नोंद आहे. आणि 'एप्रन' तरी काय? मुळात 'नेप्रन'. 'अ नेप्रन'चं ऐकता ऐकता 'ॲन एप्रन' झालं. आपलं नारिंग अरबांमार्फत युरोपात गेलं आणि फ्रान्सपर्यंत 'न' गमावून बसलं, त्याचंच 'ऑरेंज'. ते मात्र सगळे चवीने खातात.

खरं सांगू? हे इंग्रजीचं प्रेम वगैरे काही नाही. हे आपलं जुनंच 'आनी-पानी' आहे. शाळेत 'ण' न जमणाऱ्याला फिदीफिदी हसणारेच पुढे मॅनेजर होतात. साहेब स्वतः दर आठवड्याला मीटिंग 'प्रीपोन' करतात. अमेरिकेतले बुचकळ्यात पडतात, पण त्यांना कुणी तोडतं का?

चूक दाखवायचीच तर नंतर चहाला दाखवा ना.

असो. बग शेवटी गुरुवारी सुटला. कॅशेच होता. सोमवारच्या कॉलवर मी मुद्दाम 'होन इन' म्हणणार आहे. बघू कोण तोडतं ते.