मानेनं खाल्लेली कॉलर

आमच्या दादांकडं चार सदरे होते. दोन शाळेचे, एक घरचा, एक लग्नकार्याचा. दादा प्राथमिक शाळेत मास्तर. शाळेच्या सदऱ्याला दीड-दोन वर्षं झाली की कॉलरीची घडी विरायची. आधी बारीक दोरे सुटायचे, मग चीर पडून आतलं कॅनव्हास डोकवायचं. मानेवरचे दाढीचे खुंट आणि घाम, दोघं मिळून कापड खातात. मग बाजारच्या दिवशी दादा तो सदरा पिशवीत घालून वेशीजवळच्या शिंपीमामाकडं जायचे. मामा कॉलर उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, “गुरुजी, मानंनं कॉलर खाल्लीया. सदरा अजून तरणा हाय.”

मग तो कॉलरीचं पान गळपट्टीपासून अलगद उसवायचा, मधोमध खडूची खूण करायचा, पान उलटं करून त्याच जागी परत शिवायचा. विरलेली बाजू खाली दडायची, कोरी बाजू वर यायची. अर्ध्या तासाचं काम. सदरा आणखी दोन वर्षं शाळेत जायचा.

मी सांगलीला कॉलेजात असताना दादा एकदा होस्टेलवर आले. अंगात फिकट निळा सदरा. पण कॉलर तेवढी गडद निळी, कारण उलटलेल्या बाजूनं कधी ऊन बघितलेलं नव्हतं. खोलीतल्या पोराला ते लगेच दिसलं. दादा गेल्यावर तो म्हणाला, “तुझ्या वडलांनी कॉलर दुसऱ्याच सदऱ्याची लावलीय काय रे?” सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी ठरवलं, आपण कमवायला लागलो की उलटलेली कॉलर घालायची नाही.

आणि घातली नाही. नोकरी पुण्यात लागली. कॉलर विरली की सदरा गाठोड्यात. गाठोडं भरलं की ‘गरिबाला’. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला, आमच्या गावात घरांच्या आढ्यापर्यंत पाणी गेलं. सोसायटीतून मदतीची गाडी निघाली. मी त्यात एक पोतं दिलं. माझे सात सदरे होते त्यात. सातही कॉलरीला गेलेले.

पाणी उतरल्यावर गावी गेलो. शाळेच्या पटांगणात कपड्यांचा ढीग पडला होता. गाड्या भरभरून आलेला, पावसात भिजून कुबट झालेला. घरातला चिखल उपसून दमलेली माझी चुलती तिथं उभी होती. मी म्हटलं, “काकी, घ्या की काहीतरी.” तिनं काठीनं एक सदरा उचलला, कॉलर बघितली आणि परत टाकला. म्हणाली, “आमचं घर वाहून गेलं बाबा, लाज न्हाई वाहून गेली. तुमच्या मानंचं उष्टं आमच्या गळ्यात कशाला?”

तो सदरा माझा नव्हता. पण असता तरी चाललं असतं.

तेव्हापासून माझं भांडण आहे, आधी माझ्याशी आणि मग तुमच्याशी. जी कॉलर आपल्याला घालवत नाही, ती दुसऱ्याच्या गळ्यात घालणं हे दान नव्हे, कचऱ्याची विल्हेवाट आहे. ‘गूंज’ ही संस्था 1999 पासून शहरातले कपडे खेड्यांत नेते. त्यांची रीत बघा. गावानं विहीर साफ करावी, रस्ता बांधावा आणि त्या कामाच्या बदल्यात कपडे घ्यावेत. घेणाऱ्याची मान ताठ राहावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि आपण? विरलेली कॉलर पोत्यात कोंबतो आणि वर पुण्याचा हिशेब मांडतो.

गावानंही फार हसू नये. आता आमच्याकडं पोरं बाजारातून स्वस्तातला शर्ट आणतात, कॉलर गेली की उकिरड्यावर टाकतात. शेणखताबरोबर तो रानात जातो. सुती असता तर मातीत मुरला असता. टेरिकॉटातला पॉलिस्टर कुजत नाही. कुळवाच्या फासाला चिंध्या गुंडाळतात आणि बैलाची नाहीतर ट्रॅक्टरची खोटी होते. मी स्वतः सोडवल्यात त्या चिंध्या.

मला एकच कळत नाही. खुरप्याचा दांडा मोडला तर आपण खुरपं फेकतो का? फास बोथट झाला की लोहाराकडून शेवटून आणतो, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग कॉलरीलाच लाज का? कारण ती चारचौघांत दिसते. कॉलर ताठ करणं, कॉलर धरणं, आपली सगळी अब्रू त्या चार बोटांच्या कापडात. पाठ, बाह्या, खिसा, बटणं, सगळं धड असतं. बिघडते फक्त अब्रूची जागा, आणि तिच्यासाठी अख्खा सदरा फासावर!

कुणी म्हणेल, गरिबीचे गोडवे गातोय. अजिबात नाही. दादांनी कॉलर उलटवली ती पगार पुरत नव्हता म्हणून. ती ओढाताण कुणाच्या वाट्याला येऊ नये. पण गरिबी गेली म्हणून अक्कलही जावी का? कोरडवाहू शेतकरी जूनमध्ये सरकी टोबतो आणि दिवाळीच्या सुमाराला पहिली वेचणी करतो. तेवढे महिने तो आभाळाकडं बघत असतो. त्याच्या कापसाला आपण एका घडीपायी मोडीत काढायचं?

दुसरं कुणी म्हणेल, परवडत नाही. गेल्या साली तालुक्याच्या गावी मला एका कॉलरीला साठ रुपये पडले. साठ रुपयांत नवा सदरा दाखवा. खरी अडचण दुसरीच आहे. उलटवून देणारा शिंपी शोधावा लागतो. शिंपीमामाचा पोरगा आता दुकान बंद करून कंपनीत जातो. आपणच काम नेलं नाही, तर मशीन कुणासाठी चालणार?

सगळ्या कॉलरी उलटतात असंही नाही. टोकांत प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवायचे खिसे खालच्या बाजूला असले, तर ते वर येऊन दिसतात. काहींची खालची बाजू दोन तुकडे जोडून केलेली असते, मधला जोड डोळ्यांवर येतो. एकदा उलटलेली कॉलर दुसऱ्यांदा उलटत नाही. मग पान काढून नुसती पट्टी ठेवा, बिनकॉलरीचा सदरा होतो. नाहीतर खोचायच्या भागातलं कापड काढून नवी कॉलर करा, तिथं कुठलंही ठिगळ चालतं, विजारीच्या आत कोण बघतंय? तेही जमलं नाही तर सदरा गोधडीत घाला. पण कुणाच्या दारात टाकू नका.

आज माझ्या अंगात जो सदरा आहे, त्याची कॉलर बाकीच्या कापडापेक्षा गडद आहे. परवा ऑफिसातल्या एका पोरानं विचारलं, “सर, ही कॉलर वेगळी आहे का?” मी म्हटलं, “नाही रे, तीच आहे. उलटवलीय.”

होस्टेलवर हे उत्तर द्यायला पाहिजे होतं. तेव्हा दादा होते.