स्पर्धा कंपन्यांची, कर्ज आपल्या घरावर!

भुकूमच्या आमच्या वस्तीतले एक आजोबा. हयात गवंड्याच्या हाताखाली गेली. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला तेव्हा डॉक्टरांनी ॲबिराटेरोन लिहून दिलं. 250 मिलिग्रॅमच्या रोज 4 गोळ्या, महिन्याला 120. मेडिकलवाला म्हणाला, चिठ्ठीवर जे नाव आहे तेच मिळेल. पहिल्या महिन्यात घरच्यांनी साठवलेले पैसे मोजले, दुसऱ्या महिन्यात कर्ज काढलं, तिसऱ्या महिन्यात गोळ्या अर्ध्याच आणल्या.

बाजाराचे भक्त सांगतात, स्पर्धा वाढली की किंमत पडते. मग इथे स्पर्धा कमी आहे का? अनेक भारतीय कंपन्या हेच औषध बनवतात. याच आजारावरच्या एन्झालुटामाइडचं पेटंट तर आपल्या पेटंट कार्यालयानं 2016 मध्ये नाकारलं. तरी स्वस्ताई आजोबांच्या दारापर्यंत का आली नाही?

कारण कंपन्या झगडतात त्या डॉक्टरच्या पेनासाठी आणि दुकानदाराच्या मार्जिनसाठी. छापील किंमत जितकी चढी, तितका मधल्यांचा वाटा मोठा. 2019 मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं कॅन्सरच्या 42 औषधांवरचा व्यापारी नफा 30 टक्क्यांवर बांधला, तो उगाच नाही. निवडणारा एक, पैसे मोजणारा दुसरा. याला मुक्त बाजार म्हणायचं?

आता हे बघा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधल्या रुग्णालयांनी एकत्र येऊन 40 औषधांची खरेदी केली. सुमारे 82 टक्के पैसे वाचले. कंपन्या त्याच, बाजार तोच. फक्त गिऱ्हाईक संघटित होतं!

बाबासाहेबांनी 1947 मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधून मूलभूत उद्योग आणि विमा राज्याच्या हाती द्या असं मांडलं होतं. मालकाच्या मर्जीवर जगणारा माणूस स्वतंत्र नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. औषधासाठी सावकाराकडे जाणारा माणूस तरी स्वतंत्र कसा?

ॲबिराटेरोन 2019 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणून मागणी साधी आहे: राज्यानं ते एकत्रित खरेदी करावं, जिल्हा रुग्णालयात मोफत द्यावं आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाही, औषधाचं नाव लिहिलं जावं.

मित्रांनो, जयंतीच्या डीजेसाठी आपण दारोदार वर्गणी मागतो. तीच माणसं पुढच्या ग्रामसभेत या ठरावासाठी हात वर करतील का? सुरुवात भुकूमपासून करू.

जय भीम!