जुन्या मोटारीची उमेदवारी

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी रीतसर निवृत्त झाली. अशा शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झालेली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची; तेव्हा हा दिवस उगवणार हे ठरलेलेच होते. शहराने चार दिवस हळहळ व्यक्त केली, आठवणी उगाळल्या आणि विषय संपला. परंतु या मोटारीच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट निवृत्तीच्या वाटेला लागली आहे आणि तिच्यासाठी मात्र कोणी हळहळले नाही. ती गोष्ट म्हणजे ही मोटार उघडून पुन्हा उभी करण्याची विद्या.

ही विद्या मुंबईच्या उपनगरांची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यास होता. तेथून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि त्या कंपनीची ‘११००’ ही मोटार येथे बनू लागली. १९७४ पासून तीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. मागणी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, असा तो काळ. उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबले आणि कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत. कारखाना गेला, मात्र त्याच्या आधाराने कुर्ला-घाटकोपरपासून अंधेरीपर्यंत वाढलेले मिस्त्री, डेंटर, वायरमन आणि लेथवाले काही एका दिवसात नाहीसे झाले नाहीत. ते आता म्हातारे होत आहेत.

अशा वेळी मुलुंड-बोरिवलीकडचा एखादा तरुण आजोबांची ताडपत्रीखाली पडून असलेली पद्मिनी पुन्हा चालती करण्याचे मनावर घेतो, तेव्हा त्याला वेड्यात काढले जाते. त्याचा पहिला हट्ट बहुधा रंगाचा असतो. मोटार चकचकीत दिसली की काम झाले, असे त्याला वाटते. पहिला धडा तो तेथेच शिकतो. या मोटारीला वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पायाखालचा रबरी गालिचा पाणी धरून ठेवतो, आणि खालची जमीन व दारांखालच्या पट्ट्या आतून गंजत जातात. त्यावर पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना लावणे होय. गंजका पत्रा कापून नवा जोडावा लागतो. त्यानंतर ब्रेक, मग वायरिंग आणि इंजिन. रंगाचा क्रम सर्वांत शेवटी. थांबता न येणारी मोटार चालू करण्यात शहाणपण नाही, हे सूत्र कोणी पाटीवर लिहून देत नाही. ते कामातच कळते.

या उमेदवारीत संयम हेच मुख्य हत्यार. गंजलेला बोल्ट जोराने पिळला की तुटतो. तेल सोडून रात्रभर थांबले की सकाळी तोच सुटतो. सुटा केलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून ठेवावा लागतो, नाही तर महिन्याने डबाभर स्क्रू उरतात आणि कोणता कोठला ते आठवत नाही. १०८९ घनसेंटिमीटरचे ते साधे, चार सिलिंडरचे इंजिन कोणतेही गुपित राखत नाही. पॉइंटमधील फट पातळ पट्टीने मोजता येते आणि कार्बोरेटर उघडून धुता येतो. बिघाड संगणकाच्या पडद्यावर उमटत नाही; कान, नाक आणि बोटे यांनी तो हुडकावा लागतो. बुद्धीचे काम एकाचे व हाताचे काम दुसऱ्याचे, अशी जी फाळणी आपल्या शिक्षणाने करून ठेवली आहे, ती येथे आपोआप मोडून पडते. शिक्षकांनी या गोष्टीकडे लक्ष देण्याजोगे आहे.

हा श्रीमंतांचा शौक आहे, असा आक्षेप घेतला जातो. राजेमहाराजांच्या रोल्स-रॉइसपुरता तो खराही असेल. पण पद्मिनी ही डॉक्टरची, वकिलाची, काटकसरी मध्यमवर्गीयाची आणि टॅक्सीवाल्याची मोटार होती. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा; तो अधिक वजनदार आहे. जुने इंजिन आजच्या इंजिनाहून अधिक धूर सोडते, यात शंका नाही. रोज कचेरीला जाण्यासाठी अशी मोटार वापरण्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु रविवारी चार मैल चालणारी जतन केलेली मोटार आणि दिवसभर धूर ओकणारी खिळखिळी मोटार यांतील भेद ओळखणे, हेच तर नियमांचे काम असते.

नेमका तोच भेद आपले नियम पुरेसा ओळखत नाहीत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ वाहनांचा वेगळा वर्ग निर्माण केला. त्यासाठी मोटार पन्नास वर्षांहून जुनी हवी. शिवाय सांगाडा, बांधणी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे पद्मिनी नावाची अगदी पहिली मोटार २०२४ मध्ये या दारापाशी पोचली. शेवटच्या मोटारीसाठी शतकाचा मध्य उजाडेल. दरम्यान पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते, आणि तिचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून एकदम ५००० वर गेले. मोडीत काढण्यास उत्तेजन आणि जतन करण्यास दंड, असा याचा अर्थ होतो. ऐतिहासिक वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांची मर्यादा मानते. मात्र वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि ते रोजच्या वाहतुकीचे साधन नसावे, असा तिचा दंडक आहे. हा मध्यममार्ग आपल्याला का नको?

तीस वर्षांवरील जतन केलेल्या मोटारींचा वेगळा वर्ग करावा. त्यांचे शुल्क कमी ठेवावे. वापर मात्र काटेकोरपणे मर्यादित करावा आणि धुराची तपासणी कडक ठेवावी. गंजका पत्रा तशाच पत्र्याने बदलणे हा फेरफार नसून दुरुस्ती आहे, हेही नियमात स्पष्ट व्हावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उपनगरांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी एकेक पद्मिनी कार्यशाळेत आणून ठेवावी, आणि पदवीचा कागद न मागता एखाद्या वृद्ध मिस्त्रीला मानधन देऊन विद्यार्थ्यांपुढे उभे करावे. मोटार आणखी वीस वर्षे ताडपत्रीखाली तग धरील. पण ज्या हातांना ती उघडता येते, त्या हातांपाशी तेवढा अवधी उरलेला नाही.