आईच्या दुधाचा पंप आणि दुधाचे दान

बाळंतिणीच्या सामानात अलीकडे एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे दूध काढण्याचा पंप. कर्जत-खोपोलीच्या बाजारपेठेतील सून काही महिन्यांत पुन्हा गल्ल्यावर बसते किंवा लोकलने नोकरीस जाते. मग घरी राहिलेल्या बाळाचे काय, हा प्रश्न सासूबाईंनाही पडतो. विजेचा पंप महाग, आणि पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. त्यामुळे हाताने चालणारा पंप पुष्कळ घरांना सोयीचा ठरतो.

माल पारखून घेण्याची आपल्या घरांची सवय येथेही उपयोगी पडावी. सायकलच्या भोंग्यासारखा रबरी फुगा असलेला पंप स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. फुग्यात दूध शिरते, तो आतून नीट धुता येत नाही आणि ओढ किती बसेल यावर ताबा राहत नाही. दांडा दाबून चालणारा, सर्व भाग सुटे होणारा पंप पाहावा. नरसाळ्याचे माप मात्र नीट जुळले पाहिजे. स्तनाग्र त्याच्या नळीत न घासता मागेपुढे सरकावे. दुखत असेल तर माप चुकले असे समजावे, सोसत बसू नये. झडपेचा पातळ पडदा झिजला की ओढ कमी होते आणि दूधच आटले अशी आईची समजूत होते. सुटी झडप मिळते का, हे दुकानदारास आधीच विचारावे. (परिचारिकेकडून नुसत्या हाताने दूध काढणे शिकून घेतले, तर त्याला काहीच खर्च नाही.)

काढलेले दूध 25 अंश तापमानात चार तासांपर्यंत चांगले राहते. कर्जतच्या मे महिन्यात हा हिशेब चालत नाही. दूध लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.

बाळाचे पोट भरून दूध उरते, अशा माता आपल्याकडेही आहेत. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मानवी दुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, अगदी कमी वजनाच्या बालकांसाठी हे दूध असते. अशा बालकाला स्वतःच्या आईचे दूध सर्वांत श्रेयस्कर. ते मिळत नसेल तेव्हा दात्या मातेचे. पावडरीच्या दुधापेक्षा त्याने आतड्याच्या एका घातक विकाराचा धोका कमी होतो.

पेढीत आधी दात्या मातेची एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस यांसाठी तपासणी होते. दूध 62.5 अंशांवर तीस मिनिटे तापवून मग गोठवतात. तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या मातेचे दूध चालत नाही. औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना सांगावीत. जावेने जावेच्या बाळाला पाजण्याची रीत जुन्या घरांत होती. त्यामागची माया खरीच, पण घरातल्या घरात ही तपासणी होत नाही, म्हणून आज ती रीत चालवू नये असे मला वाटते.

दुधाचा मोबदला मात्र मागू नये. मानवी दुधाच्या विक्रीस देशात परवानगी नाही, हे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे.

कर्जतहून शीव मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर असले, तरी ओल्या बाळंतिणीने रोज हा प्रवास करावा असे कोणी म्हणणार नाही. ज्यांचे बाळ मुंबईच्या रुग्णालयातच दाखल आहे, त्यांना दान सर्वांत सोपे. इतरांनी पेढीला आधी दूरध्वनी करावा. घरी गोठवलेले दूध घेतात की तेथेच येऊन काढावे लागते, डबा कोणता हवा, बर्फात किती वेळ चालेल, हे विचारून घ्यावे आणि मगच घरातल्या कोणाला तरी पेटी घेऊन पाठवावे.