डोके आमचे, कात्री कोणाची?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, जामनेर तालुक्यात आम्ही मास्तरकी करतो. खडू आणि फळा हीच आमची हत्यारे. परंतु आमच्याच पेशातील काहींनी तिसरे हत्यार उचलले आहे, ते म्हणजे कात्री! एका शाळेत प्रार्थनेच्या रांगेतच एका पोराच्या डोक्यावर मधोमध कात्री फिरविली व त्याला तसेच दिवसभर वर्गात बसविले. बाप कापूस वेचणीच्या मजुरीवर. तो जाब विचारावयास आला नाही. पोर चार दिवस शाळेकडे फिरकले नाही. मोटारीतून येणाऱ्यांच्या झुलपांस मात्र कोणी हात लाविला नाही. आम्हीही त्या दिवशी गप्प राहिलो. ती लाज वाटते, म्हणून आज लिहितो.

केसांचा विषय क्षुल्लक म्हणता? मग ब्राह्मण घरांतील विधवांच्या डोक्यावर वस्तरा कशासाठी फिरत होता? केस गेले की मान आपोआप खाली जाते, हे धर्ममार्तंडांस पक्के ठाऊक होते. आणि तो वस्तरा धरावयास लावीत आमच्या नाभिक बांधवास! 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी ठरविले, की विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. पोटावर पाय येत होता, तरी वस्तरा खाली ठेविला. शाळेची पायरी त्यांतील बहुतेकांनी पाहिली नसेल. त्यांस जे कळले, ते शिकल्यासवरल्या गुरुजींस कळू नये काय?

कोणी म्हणेल, उवा होतात, शिस्त बिघडते. उवांस फणी आहे, तेल आहे. शिस्तीस गुरुजींचे वर्तन आहे. जिनिंगच्या यंत्राजवळ केस बांधा, असे सांगणे जीव वाचविण्यासाठी आहे. ते आम्हांस मान्य. परंतु तांड्यावरची बंजारा बाई केसांत घुगऱ्या लेवून कामास आली म्हणून तिला दारातून परत धाडणे, हा निव्वळ माज होय.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मुलांस शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांची मनाई केली आहे. त्यात केसांचे नाव नाही, म्हणून कात्रीवाले म्हणतात, 'ही शिक्षा नव्हे, शिस्त!' अमेरिकेत काळ्या लोकांच्या कुरळ्या केसांस व वेण्यांस गबाळे ठरवून त्यांस शाळेतून व नोकरीतून असेच हाकलीत. अखेर 2019 साली कॅलिफोर्निया राज्याने केसांवरून असा भेद करण्यास कायद्याने बंदी घातली. आमच्या सरकारनेही केसांचे नाव घेऊन नियम करावा.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. त्या बैठकीस मजुरी बुडवून जा, आणि विचारा : पोर शिकावयास धाडले, की भादरावयास?