शेजारची खुर्ची

गेल्या रविवारी सायंकाळी दादरच्या एका झटपट खाद्यगृहात आम्ही जे पाहिले, ते घटना म्हणून क्षुल्लक असले तरी लक्षण म्हणून क्षुल्लक नाही. हाती ट्रे घेतलेले एक वृद्ध गृहस्थ जागा शोधीत होते. चौघांच्या मेजावर दोनच तरुण बसले होते. उरलेल्या दोन खुर्च्यांवर त्यांच्या पिशव्या विराजमान होत्या. “येथे कोणी आहे काय?” या प्रश्नास, मोबाइलवरची दृष्टी न काढता, “येणार आहेत,” एवढेच उत्तर मिळाले. येणारे कोणी आले नाहीत. गृहस्थांनी उभ्यानेच खाल्ले.

मुंबईला हे शोभत नाही. परक्या माणसाशेजारी बसून खाणे हे या शहराने कष्टाने लावून घेतलेले वळण आहे. जेथे पंगतीदेखील जातवार बसत, तेथील माणसे इराण्याच्या संगमरवरी मेजाभोवती एकत्र चहा पिऊ लागली. अर्थात सर्वच उपाहारगृहांची दारे सर्वांना सारखी उघडी नव्हती. म्हणूनच १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेस पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, आणि अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या अधिनियमाने गुन्हा ठरवावा लागला. कायद्याने दार उघडले. खुर्चीवरची पिशवी मात्र ज्याची त्यानेच उचलली पाहिजे.

उडप्याच्या हॉटेलात हे काम वेटर करीत असे, आजही करतो. “जरा सरकून घ्या, साहेब,” असे म्हणून तो परक्याला आपल्यासमोर आणून बसवतो आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. १९९५-९६ च्या सुमारास परदेशी धर्तीची खाद्यगृहे आपल्याकडे आली, आणि तेथे हा मध्यस्थ उरला नाही. जागा ज्याने त्याने शोधावयाची, आणि सौजन्यही ज्याचे त्याने आणावयाचे. पहिले आपण चटकन शिकलो, दुसरे शिकावयाचे राहून गेले.

दोष एकट्या तरुणांचा नव्हे. खाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याचे घास मोजणारे आणि घरपोच सेवेच्या मुलास कोपराने बाजूस सारणारे प्रौढही थोडे नाहीत. फार कशाला, त्या सायंकाळी आमच्या शेजारच्या खुर्चीवरही आमचीच पिशवी होती, आणि ती उचलण्याचे आम्हांस सुचले तोवर गृहस्थ निघून गेले होते.

समोरच्याने विचारण्यापूर्वीच “बसा ना,” असे म्हणण्यास काही खर्च येत नाही. ही सवय आम्हीही स्वतःस लावून घेणार आहोत. वाचकांनीही लावून घ्यावी.